‘शून्य’ लिहिण्याआधी : बेने इस्राएल मुलींचा आठवडा आणि त्यांची शाळा



माझ्या पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात एक तक्ता होता. डावीकडे कालखंड, उजवीकडे ‘मुलींचं शिक्षण’. विषय होता कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मिशनरी शाळा येण्याआधीच्या काळासमोर मी बिनधास्त ‘शून्य’ लिहून टाकलं होतं. गाईड मॅडमनी पेन्सिलीने त्या शब्दाभोवती गोल काढला आणि एवढंच विचारलं, “हे तू मोजलंस का?”

मी एम.एस्सी. केमिस्ट्रीवाला. मोजण्याबद्दल मला कुणी असं विचारावं याचा थोडा रागच आला. पण प्रश्न बरोबर होता. मी मोजलं नव्हतं. मला काही सापडलं नव्हतं, एवढंच. ‘सापडलं नाही’ आणि ‘नव्हतं’ यांतला फरक मला कसा कळत गेला, ते आज सांगतो. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करतायत किंवा सिनॉप्सिस लिहितायत, त्यांना याचा उपयोग होईल. विषय इतिहासाचा असला तरी चूक कुठल्याही विषयात होऊ शकते.

आधी ओळख करून घेऊ. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे ते कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या, गावागावांत पसरले. आडनावंही गावांवरूनच पडली : केहिमकर, दिवेकर, राजपूरकर, पेणकर. बरेच जण तेलाचा घाणा चालवायचे. लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. सोमवारी काम बंद ठेवणारे ते ‘सोमवार तेली’.

या नावाकडे जरा नीट बघा. शेजाऱ्यांना त्यांचा धर्म माहीत नसेल, पण त्यांचा आठवडा माहीत होता. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी संध्याकाळी संपतो. त्या वेळात चूल पेटवायची नाही, काम करायचं नाही. म्हणजे शनिवारचं जेवण शुक्रवारीच व्हायला हवं, दिवा वेळेत लागायला हवा. द्राक्षाची दारू कोकणात कुठून मिळणार? म्हणून आशीर्वादासाठी काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत करायची पद्धत पडली. मांसाबरोबर दूध चालत नाही, तिथे नारळाचं दूध आलं. आता सांगा, हे सगळं दर आठवड्याला कोण करत होतं? आणि घरातल्या मुलीला हे कोण शिकवत होतं? वही नाही, पाटी नाही, हजेरीपट नाही. पण दर सात दिवसांनी तोच धडा पुन्हा, आणि चुकलं तर लगेच दुरुस्ती.

समाजाच्या आठवणीत एक गोष्ट आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू प्रवासी कोकणात आला. त्याचा काळ कोणता यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. हे लोक खरंच ज्यू आहेत का, हे त्याला तपासायचं होतं. त्याने घरातल्या स्त्रियांसमोर वेगवेगळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. स्त्रियांनी खवले आणि पर असलेले मासे बाजूला काढले, बाकीचे घेतले नाहीत. ज्यूंच्या आहारनियमांत खवले आणि पर दोन्ही असलेलाच मासा चालतो. रहाबीची खात्री पटली. मग त्याने समाजातले तीन पुरुष निवडले, त्यांना धर्मविधी शिकवले आणि त्यांच्यापासून ‘काजी’ ही परंपरा सुरू झाली.

ही गोष्ट जशीच्या तशी घडली असा दावा मी करत नाही. ती समाजाने जपलेली आठवण आहे, आणि आठवण म्हणूनच ती वाचायची. पण तिची रचना बघा. परीक्षा दिली स्त्रियांनी आणि त्या पासही झाल्या. पुढच्या वर्गात मात्र प्रवेश मिळाला पुरुषांना. विशेष म्हणजे, ज्या समाजाने ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली, त्याला त्यात काही लपवावंसं वाटलं नाही. माझ्या तक्त्यातलं ‘शून्य’ इथेच कोसळलं. मासे निवडणारी बाई ते कुठेतरी शिकली होती. आपल्या आईकडून, मासळीबाजारात, चुलीपाशी.

आता लिखित पुराव्याकडे येऊ. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. १९व्या शतकात कोचीनहून हिब्रू जाणणारे शिक्षक आले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ पासून मुंबईत होते आणि त्यांनी मुलींसाठीही शाळा काढल्या. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फरार आधी मुंबईत आणि नंतर अहमदनगरला मुलींच्या शाळांचं काम बघत होत्या. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाचं पुस्तक काढलं. विचार करा, एका स्कॉटिश पाद्र्याने मराठी ज्यूंसाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं! धर्मांतर घडवावं हा हेतू होताच. बेने इस्राएल मुलं या शाळांत गेली, शिकली, पण बहुतेकांनी धर्म सोडला नाही. उलट हातात आलेलं हिब्रू त्यांनी आपल्याच प्रार्थनेसाठी वापरलं.

इथे संशोधकासाठी एक सापळा आहे. मिशनच्या अहवालांत आकडे भरपूर मिळतात : किती शाळा, किती मुलं, किती मुली. का? कारण देणगीदार दूर अमेरिकेत किंवा स्कॉटलंडमध्ये बसलेले होते आणि त्यांना हिशोब द्यायचा होता. कोकणातल्या आईला कुणाला हिशोब द्यायचा होता? त्यामुळे जिथे अहवाल आहे तिथेच शिक्षण होतं, असं आपल्याला वाटायला लागतं. कागद जिथे संपतो, तिथे आपण ‘शून्य’ लिहितो.

लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासायचो, तेव्हा काही रिपोर्टमध्ये शिशासमोर ‘बीडीएल’ असं लिहावं लागायचं. म्हणजे ‘बिलो डिटेक्शन लिमिट’ : या यंत्राने, या पद्धतीने मोजता येईल त्याच्या खाली. तिथे शून्य लिहिलं असतं तर सरांनी रिपोर्ट परत केला असता. मग इतिहासात हीच शिस्त आपण का सोडतो? मिशनचा अहवाल हेही एक यंत्रच आहे. शाळेत नाव घातलेली मुलगी त्याला दिसते, शुक्रवारी दुपारी आईसोबत राबणारी दिसत नाही. माझ्या तक्त्यात आता त्या जागी लिहिलंय : ‘या साधनांत नोंद नाही’.

पण म्हणून शाळेचं महत्त्व कमी होतं का? मुळीच नाही. दुसरी चूक मी इथे करणार होतो. घरचं शिक्षण सापडल्याच्या आनंदात मी शाळेला दुय्यम ठरवत होतो. मॅडमनी पुन्हा गोल काढला. चुलीपाशी मुलीला नियम कळत होते, पण ते ज्या ग्रंथात लिहिले होते तो ग्रंथ ती वाचू शकत नव्हती. रहाबीच्या गोष्टीतली बाई मासा ओळखत होती, काजी मात्र झाली नाही. अक्षर हातात येणं म्हणजे अधिकार हातात येणं होतं.

आणि अक्षर आलं ते मराठीतून. १८४६ मध्ये मुंबईत हग्गादा छापली गेली, हिब्रू मूळ आणि सोबत मराठी भाषांतर. वल्हांडणाच्या रात्री घरात बसून वाचायचं हे पुस्तक. त्या रात्री घरातलं सर्वांत लहान मूल ठरलेले प्रश्न विचारतं आणि मोठ्यांनी उत्तरं द्यायची असतात. १८७४ मध्ये पुण्यात सचित्र हग्गादा निघाली. तिच्या चित्रांत बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. सणांची नावंही मराठीच : नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. दारफाळणी म्हणजे योम किप्पूर, उपासाचा दिवस, आणि बिरडं म्हणजे आपलं वालाचं बिरडं!

१८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत इस्रायली स्कूल सुरू झालं. ही फक्त मुलींची शाळा नव्हती, पण बेने इस्राएल मुलींच्या शाळेत जाण्याचा इतिहास हिला वगळून लिहिता येणार नाही. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनची तिला मदत मिळत गेली. मराठी, पुढे इंग्रजी, आणि सोबत हिब्रू व धर्मशिक्षण. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर शाळेला त्यांचं नाव मिळालं. माझगावची कदूरी शाळा ती हीच.

समाजाला स्वतःची शाळा का हवी होती? पुन्हा आठवड्याकडे चला. सरकारी किंवा मिशनच्या शाळेत सुट्टी रविवारी. शनिवारी वर्ग भरला की ज्यू मुलीपुढे दोनच वाटा : वर्ग बुडवायचा नाहीतर शब्बाथ मोडायचा. वर्षभर हे चाललं तर एक तर अभ्यास मागे पडणार, नाहीतर घरची रीत. स्वतःची शाळा असली की शनिवारी घंटा वाजवायची की नाही हे समाज ठरवतो, दारफाळणीला सुट्टी द्यायची की नाही हेही. ज्या शनिवारामुळे घाणा बंद राहत होता, तोच शनिवार आता वेळापत्रकात आला. घर आणि शाळा हे दोन आठवडे एकमेकांना जुळले. माझ्या मते बेने इस्राएल शिक्षणाच्या इतिहासातला कळीचा बदल हाच आहे. ‘घरी अडाणी होते, शाळेत शहाणे झाले’ असा तो इतिहास नाही.

या बदलाचं फळ बघायचं तर रेबेका रुबेन यांच्याकडे बघा. जन्म १८८९. पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. १९०५ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या. मुलांमुलींत मिळून पहिल्या, आणि असा पहिला नंबर काढणारी ही पहिलीच मुलगी. पुढे त्यांनी इंग्लंडमध्ये शिक्षण घेतलं, समाजाचं वार्षिक संपादित केलं, आणि १९२२ ते १९५० अशी २८ वर्षं त्या याच शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मधल्या काळात, १९१३ मध्ये, मुंबईत समाजाच्या स्त्रियांचं स्त्री मंडळही उभं राहिलं. परीक्षा स्त्रीने द्यायची आणि पुढचा वर्ग पुरुषाचा, हे गणित इथे बदललं. आता शाळा चालवणारीच बाई होती.

तुम्ही म्हणाल, संभाजीनगरात बसून हे कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर घरात आहे. माझी आजी गंगापूर तालुक्यातली, निजामाच्या राजवटीत जन्मलेली. शाळेत गेली नाही. जनगणनेच्या रकान्यात ती ‘निरक्षर’. पण आठवडी बाजाराचा पूर्ण हिशोब तोंडी, कुठल्या नक्षत्रात काय पेरायचं ते पाठ, आणि जात्यावरच्या ओव्या किती, याची तर मोजदादच नाही. तीच आजी मला सांगायची, “मला वाचता आलं असतं ना, तर सावकाराच्या कागदावर अंगठा दिला नसता.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिला खूप काही येत होतं आणि शाळा नसल्याचं नुकसानही तिनेच भोगलं. यातलं एकच वाक्य लिहिणारा प्रबंध अर्धवट.

तर संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांसाठी माझ्या चुकांतून आलेल्या तीन गोष्टी.

पहिली : तक्त्यात ‘शून्य’, ‘नोंद नाही’ आणि ‘मी अजून पाहिलं नाही’ यांसाठी तीन वेगळ्या खुणा ठेवा. व्हायव्हात हाच प्रश्न येतो.

दुसरी : प्रत्येक साधनाला विचारा, हे कुणी, कुणासाठी आणि कशाचा हिशोब म्हणून लिहिलं? केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहिला आणि तो छापला गेला १९३७ मध्ये. समाजातल्या माणसाने लिहिलेलं असलं तरी त्यालाही हा प्रश्न विचारावाच लागतो.

तिसरी : वर्षाऐवजी आठवडा घेऊन बघा. शाळा कधी स्थापन झाली हे सालातून कळतं, पण तिथली मुलगी काय जगत होती हे आठवड्यातून कळतं. सोमवारी कुठे, शुक्रवारी कुठे, शनिवारी कुठे? वेळापत्रक, सुट्ट्यांची यादी, स्वयंपाक, बाजार, हे सगळं पुरावाच आहे.

आणि घाई करा. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. १९५१ च्या जनगणनेत भारतात २६ हजारांहून जास्त ज्यू होते, २०११ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास उरले. कदूरी शाळेत आज बहुतेक विद्यार्थी ज्यू नाहीत. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं, म्हणजे भाषा सोबत गेली. पण ज्या बायकांनी लहानपणी दर शुक्रवारी आईसोबत मनुका भिजवल्या आणि इतर दिवशी शाळेत हिब्रू गिरवलं, त्या आता ऐंशी-नव्वदीच्या आहेत. कागद आर्काइव्हमध्ये आणखी शंभर वर्षं थांबतील. ही माणसं थांबणार नाहीत.

माझी पुढची फेरी अलिबागची आहे. या वेळी वहीत पहिला प्रश्न लिहून ठेवलाय : “आजी, शुक्रवारी दुपारी तुमच्या घरी काय काय चालायचं?”