बावखल : वसईच्या बागायतीचा जलाधार

बावखल म्हणजे वाडीत मातीत खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. त्यास विहिरीसारखे दगडी बांधकाम नसते. काठ झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेला असतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील केळी, पानवेल, भाजीपाला व फुलझाडे पिढ्यान्‌पिढ्या विहिरी आणि बावखले यांच्या पाण्यावर पोसली गेली. बैल रहाट ओढीत व पाणी पाटाने वाफ्यांत जाई.

समुद्र इतका जवळ असताना येथील पाणी गोड कसे, असे बाहेरून येणारे पाहुणे आम्हांस विचारतात. किनाऱ्यालगत जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्यावर तरंगत राहते. भूजलशास्त्राच्या ढोबळ नियमानुसार गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर उंच असेल, तर त्या पातळीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. याचाच अर्थ, वरची पातळी थोडी उतरली तरी खालून खारे पाणी पुष्कळ वर चढते. रहाटाचा उपसा मंद होता. विजेचे पंप व कूपनलिका आल्या, वाड्यांतील पाणी टँकरने इमारतींना विकले जाऊ लागले आणि हा तोल ढळला. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या नेतृत्वाखाली लढा उभारला.

बावखल अनेकदा भावकीच्या सामाईक मालकीचे असते. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत. त्यामुळे भांडलेल्या भावांनाही एकमेकांशी बोलावेच लागे! पाळी संपली, कुटुंबे विखुरली, तशी बावखले अडगळ वाटू लागली. काही कचऱ्याने, तर काही भरावाने बुजली. भराव टाकणारा आपल्याच जागेत टाकतो हे खरे. परंतु मुरण्याची वाट बंद झाल्याने शेजाऱ्याच्या विहिरीवरही त्याचा परिणाम होतो. म्हणून हा केवळ खासगी व्यवहार आहे, असे आम्ही मानत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात निसर्गाचे व समाजाचे संकट एकच असल्याचे मांडले, ते येथे शब्दशः पटते. चर्चच्या आवारात फरशी घालताना आम्हा धर्मगुरूंनाही याचा विसर पडतो, हेही कबूल केले पाहिजे.

बावखल जिवंत ठेवण्यास मोठा खर्च लागतो असे नाही. मे महिन्यात पाणी आटल्यावर तळचा गाळ काढावा, काठची झाडे तोडू नयेत आणि पागोळ्यांचे पाणी त्यात वळवावे. काढलेला गाळ केळीच्या बुंध्याशी घातल्यास खताचे काम करतो.