पुण्याचे गवत, बंगळूरची गुरे

काय खावे आणि काय टाळावे हे गाईला उपजतच कळते, अशी आपल्या गुराख्यांची जुनी श्रद्धा आहे.  मात्र गाजर गवताने तिची कसोटी पाहिली. बारीक पांढऱ्या फुलांची ही परदेशी वनस्पती भारतात नव्याने आढळल्याची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ साली पुण्याहून केली. अमेरिकेच्या 'पी. एल. ४८०' गव्हाबरोबर ती आली असे लोक सांगतात. पण तो करारच १९५६ च्या ऑगस्टमधला, आणि गवत त्याआधीच पुण्यात उगवलेले! दोन दशकांत बंगळूरभोवतीच्या पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा आणि गायराने त्याने व्यापली.

चरणारी गुरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत. परंतु कुरण उजाड झाले, किंवा कापून आणलेल्या वैरणीत ते मिसळले, म्हणजे निवड उरते कोठे? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांनी हाच प्रश्न हाती घेतला. गाईम्हशींच्या वासरांना हे गवत चारून त्यांनी आपले निष्कर्ष १९७७ साली प्रसिद्ध केले. कातडीवर चट्टे उठले, केस झडले, तोंडात व आतड्यांत व्रण पडले, यकृत आणि मूत्रपिंडे बिघडली. चाऱ्यात त्याचे प्रमाण दहा ते पन्नास टक्के असले तर जनावर दगावू शकते, असे दिसून आले. याचे मूळ पार्थेनिन या कडू द्रव्यात आहे. थोडे पोटात गेले तरी दुधाला कडवटपणा येतो, हे गवळ्यांना प्रयोगाविनाही ठाऊक होते.

फुलोऱ्यापूर्वी उपटून टाकावे, हा उपाय सांगायला सोपा. पण एकेक झाड हजारो बिया टाकते, आणि उपटणाऱ्याच्याच हातांना त्वचारोग जडतो. म्हणून १९८३ साली मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचे भुंगेरे बंगळूरला आणण्यात आले, के. पी. जयंत यांनी त्यांची परीक्षा केली आणि १९८४ मध्ये ते मोकळे सोडले. पुढे हा किडा सूर्यफुलावरही दिसला, तेव्हा एकच गहजब झाला. चौकशी समिती नेमली गेली, भुंगेरे सोडणे काही काळ थांबले. अखेर पिकाला त्यांचा धोका नसल्याचे ठरले. पावसाळ्यात ते झाडे निष्पर्ण करतात. कोरड्या महिन्यांत मात्र जमिनीत निद्रिस्त असतात, आणि गुरांपुढची वैरण नेमकी तेव्हाच निवडून, गाजर गवत वेगळे काढून टाकावी लागते.