नावेचे रोगण

ज्या जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, त्याच्या संदर्भात नावेच्या लाकडावरील रोगणाची चर्चा करणे थोडे विक्षिप्त वाटेल. अहमदनगर (2024पासून अहिल्यानगर) म्हटले की आपल्याला भुईकोट किल्ला, चांदबिबी, मलिक अंबर आणि अवर्षण आठवते. नाव आठवत नाही. पण 1490 साली स्थापन झालेल्या निजामशाहीचा जीव चौलच्या बंदरातही गुंतलेला होता. त्या बंदरासाठीच मुर्तझा निजामशहाने 1570-71मध्ये पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला आणि तो व्यर्थ गेला. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी आहे, आणि 1803च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर आर्थर वेलस्लीचे सैन्य टोक्याजवळ ती नदी उतरले, ते कातडे मढवलेल्या टोपलीवजा नावांतून. नावेशी या भूमीचा संबंध आहे. तो आपल्या स्मरणात नाही, इतकेच.

लाकडी नावेचा खरा शत्रू वादळ नव्हे, ओल आणि ऊन यांचा आळीपाळीने होणारा मारा आहे. ओल लागली की फळी फुगते, उन्हात पडली की आकसते आणि सांधे उघडे पडतात. म्हणून आधी सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस वा काथ्या ठोकून बसवायचा, त्यावर राळ आणि तेल यांचे लुकण भरायचे, आणि मग रोगणाचे हात द्यायचे. तेल लाकडात मुरते, राळ वर पापुद्रा धरते. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते घट्ट होते. त्यामुळे एकच जाड हात देणाऱ्याचे काम वरून सुकलेले आणि आतून ओले राहते. पातळ हात देऊन थांबावे लागते. फळीच्या टोकाला, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तिथे पाणी सर्वांत जास्त शिरते. म्हणून तिथे अधिक रोगण पाजावे लागते. ‘रोगण’ हा शब्दच मुळात फारसी, आणि त्याचा तिथला अर्थ तेल किंवा तूप. निजामशाहीसारख्या राजवटींच्या काळात मराठीत आलेल्या अनेक फारसी शब्दांच्या पंक्तीत तो सहज बसतो.

या राजवटीशी जोडलेला एक ग्रंथही येथे आठवतो. बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही असलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563मध्ये गोव्यात आपला संवादरूप औषधिग्रंथ छापला. त्यात लाखेवरही एक संवाद आहे, आणि ती झाडाचा डिंक नसून झाडावरच्या कीटकांची निर्मिती आहे, असे तो सांगतो. ते कीटक त्याला मुंग्या वाटले हे खरे, पण दिशा बरोबर होती. याच लाखेने आपल्याला ‘लाखोटा’ दिला. मात्र लाखेचे रोगण पाण्यात पांढरे पडते. पत्र मुद्रित करायला ती उत्तम, नाव राखायला तेल आणि राळच हवी. ‘बंद करणे’ या एकाच क्रियेच्या दोन तऱ्हा झाल्या: एक बाहेरच्या डोळ्यांपासून, दुसरी बाहेरच्या पाण्यापासून.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला याचे काय? तरणे, तारणे, तारू, तीर्थ, उतार हे सारे शब्द नदी ओलांडण्यातून आलेले. आपल्या भक्तिसाहित्याचा अर्धा शब्दसंसार या धातूवर उभा आहे. भवसागर आहे, नाव आहे, नावाडी आहे. पण दर वर्षी ती नाव उताणी घालून, जुने रोगण खरवडून, नवे चढवणारा माणूस आपल्या रूपकात क्वचितच येतो. तारणारा लक्षात राहतो. तारणाऱ्याला तरते ठेवणारा विसरला जातो.

नेवासे या दृष्टीने विलक्षण गाव आहे. शके 1212 (इ. स. 1290) मध्ये प्रवरेकाठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली. प्रवरा पुढे प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते आणि तेच पाणी पैठणला जाते. त्याच पैठणला, जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके 1506मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या पिढ्यांच्या हातून नकला होताना पाठांचे सांधे उघडे पडले होते. नाथांनी ते बुजवले, आणि पुढे कोणी स्वतःची ओवी त्यात घुसडू नये म्हणून कडक बजावले. नाथांचे हे काम नव्या नावेच्या बांधणीचे नव्हे, डागडुजीचे होते. पण त्याशिवाय ती नाव आपल्यापर्यंत येती का?

इथेच अडचणही आहे. जुने रोगण खरवडल्याशिवाय नवे नीट धरत नाही, आणि खरवडताना थोडे लाकूडही जाते. 1909मध्ये वि. का. राजवाडे यांनी नाथपूर्व म्हणून एका पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा त्यांना रोगणाखालचे मूळ लाकूड दाखवायचे होते. त्या पोथीच्या प्राचीनतेवर विद्वानांनी शंका घेतल्या. वाद कोणाच्या बाजूने सुटतो, यापेक्षा त्यातून उभा राहणारा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: रोगण वजा केले तर नाव उरते का? लाकूड खरे आणि रोगण उपरे, ही आपली सोयीची समजूत. पाण्यात मात्र ती दोन्ही मिळूनच तरतात.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, असे सांगितले आहे. लाकूड कुठून येते, याची ती जाणीव होती. ते लाकूड टिकते कोणामुळे, हा पुढचा प्रश्न आपण विचारायचा आहे. रोगणाचे यशच असे की ते झिजते आणि लाकूड वाचते. म्हणून इतिहासाच्या हाती लाकूड लागते, रोगण नाही. पोथ्यांच्या नकलाकारांचे, टिपणे करणाऱ्यांचे, पाठ जुळवणाऱ्यांचे तसेच झाले. पुढच्या वेळी एखादी जुनी संहिता वर्गात उघडताना, तिच्यावर किती हात चढले आहेत, हे निदान एकदा बोट फिरवून पाहावे.