डायलआउटची कुळकथा

रावेर-यावलच्या केळीबागांसाठी मातीतली ओल मोजणारं सर्किट हा जळगाव-धुळ्याच्या इंजिनिअरिंगच्या मुलांचा आवडता प्रोजेक्ट. आर्डुइनोचा बोर्ड लॅपटॉपला जोडला, लिनक्सने 'टीटीवाययूएसबी०' हे पोर्टही दाखवलं, पण प्रोग्राम चढवायला गेलं की उत्तर येतं: परमिशन डिनाइड. पोर्टची नोंद पाहावी, तर मालक रूट आणि गट 'डायलआउट', म्हणजे बाहेर फोन लावणे. त्या दोघांना वाचायची-लिहायची मुभा, इतरांना काहीच नाही. केळीच्या मुळाशी खोचलेल्या सेन्सरचा फोन फिरवण्याशी काय संबंध? माझ्या मते हा संबंध थेट लिनक्सच्या जन्माशी जाऊन भिडतो.

'टीटीवाय' म्हणजे टेलिटाइप, हे बहुतेकांना ठाऊक असतं. बेल लॅब्जमध्ये युनिक्स वाढलं ते या टेलिप्रिंटरांवर. तिथे यंत्रालाही फाइल मानायची रीत पडली, आणि फाइल म्हटली की मालक आला, मुभा आली.

खरी गंमत १९९१च्या हेलसिंकीत आहे. लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्सची सुरुवात केली ती मोडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाला जोडून देणाऱ्या टर्मिनल प्रोग्रामपासून. त्याचा मित्र लार्स विर्झेनियस सांगतो, की एकदा लिनसने मोडेमच्या पोर्टऐवजी हार्ड डिस्कचं नाव दिलं. प्रोग्रामने इमानेइतबारे 'एटीडीटी' ही नंबर फिरवायची आज्ञा आणि पाठोपाठ विद्यापीठाचा फोन नंबर डिस्कच्या अगदी सुरुवातीला लिहून टाकला! परवानगी तपासायचा कोड लिनसने दुसऱ्याच दिवशी घातला असावा, असं लार्सला वाटतं.

लार्सच्या या 'असावा'वर शंका घेता येते. खुद्द लिनस हीच फजिती सांगतो तेव्हा त्याचा भर डिस्कवरची मिनिक्स ही आधीची प्रणाली गमावून लिनक्सवरच मुक्काम ठोकण्यावर असतो. शिवाय परवानग्या युनिक्समध्ये १९७१पासून होत्याच; त्या लिनक्समध्येही आज ना उद्या आल्याच असत्या. मान्य. पण त्या कधी आल्या, हे त्या भलतीकडे लागलेल्या फोननेच ठरवलं, असं मी धरून चालतो.

'डायलआउट' गटाची चिंता मात्र वेगळी होती: बिलाची. मोडेम हाती लागला की कुणीही कुठेही फोन लावू शकत होतं. आपल्याकडे काळ्या फोनच्या डायलला इवलंसं कुलूप लावत, कुणी परस्पर एसटीडी लावू नये म्हणून. हा गट म्हणजे तेच कुलूप. आर्च लिनक्सवाले म्हणतील, आमच्याकडे या गटाचं नाव 'यूयूसीपी' आहे. पण बेल लॅब्जच्या माइक लेस्कचं यूयूसीपी तरी काय करत होतं? दर स्वस्त असताना, रात्री दुसऱ्या संगणकाला फोनच लावत होतं. दोन्ही नावं फोनच्याच घराण्यातली.

मोडेम गेला, त्या जागी यूएसबीची चिप आली, पण गट तोच राहिला. म्हणून आधी कुलपाची किल्ली मागायची: 'सुडो युजरमॉड -एजी डायलआउट' आणि पुढे आपलं युजरनेम. मग लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करायचं, कारण गटांची यादी लॉग इन होतानाच ठरते. त्या आज्ञेतला 'ए' विसरायचा नाही. तो सुटला तर बाकीच्या जोडगटांतून, अगदी सुडोमधूनही, नाव उडतं. पुष्कळ जण पोर्टवर 'सीएचमॉड ६६६' करून, म्हणजे सगळ्यांनाच मुभा देऊन, मोकळे होतात. ते वायर काढेपर्यंतच टिकतं. बोर्ड पुन्हा जोडला की पोर्टची फाइल नव्याने तयार होते आणि लिनक्समधली उपकरणं सांभाळणारा यूडेव्ह तिला परत डायलआउटच्या ताब्यात देतो.