लंडनहून बहिणींना : अतिया फैजींची १९०६ची रोजनिशी

मुळशी तालुक्यातल्या कासारसाईची ओळख आज दोन गोष्टींनी होते. एक गावचं धरण आणि दुसरं शेजारचं हिंजवडी. आयटी पार्क आल्यापासून या पट्ट्यातून परदेशी जाणाऱ्यांचं कुणाला नवल वाटत नाही. पोरगा किंवा पोरगी लंडन, टोरांटो नाही तर दुबईला पोहोचली की पहिल्या आठवड्यातच घरच्या ग्रुपवर व्हिडिओ येऊ लागतात. रस्ते किती स्वच्छ आहेत, बस किती वेळेवर येते, थंडी किती आहे, भाजी काय भावानं मिळते आणि हलाल मटण कुठल्या दुकानात. महिनाभरात व्हिडिओ कमी होतात, पुढं फोन बदलला की तेही पुसले जातात.

हे बघताना मला नेहमी अतिया फैजी आठवतात. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनीही हेच केलं होतं. फरक इतकाच की त्यांनी ते कागदावर उतरवलं आणि छापलं. महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी इतकं जवळचं नातं असलेली ही रोजनिशी सर्वसाधारण मराठी वाचकाला मात्र ठाऊक नाही. ती उर्दूत होती, हे त्याचं एक कारण. आपल्याकडं परदेश पाहिलेल्या पहिल्या स्त्रियांची यादी आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाईंवर संपते, हे दुसरं.

अतियांचा जन्म १८७७चा, इस्तंबूलचा. वडील हसनअली व्यापारी. त्यांचा व्यापार थेट उस्मानी राजधानीपर्यंत होता. घराणं मुंबईच्या तय्यबजी कुळातलं, सुलेमानी बोहरा. बहीण नाझली ही जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांची बेगम. त्यामुळं मुरुडचा राजवाडा हे या बहिणींचं एक घरच होतं. मौलाना शिबली नोमानी यांच्यासारखे आलीम या घरातल्या लेकींशी पत्रव्यवहार करत. शिबलींनी अतिया आणि थोरली बहीण झेहरा यांना लिहिलेली पत्रं पुढं छापूनही आली.

या घराण्याला विलायत नवी नव्हती. कमरुद्दीन तय्यबजी इंग्लंडात जाऊन सॉलिसिटर झाले. त्यांचे धाकटे भाऊ बद्रुद्दीन १८६०मध्ये, जेमतेम सोळाव्या वर्षी, शिकायला गेले आणि १८६७मध्ये मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले. १८८७च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष तेच. १९०३मध्ये मुंबईला भरलेल्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून मुलींच्या शिक्षणाबद्दल आणि पडद्याच्या कडकपणाबद्दल स्पष्ट बोलणारेही तेच. १९ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचं लंडनमध्येच निधन झालं. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांच्या कुळातली ही अविवाहित मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर त्याच शहरात शिकायला उतरली.

त्यांचं कॉलेज होतं मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज. माध्यमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करणारी ही संस्था १८७८मध्ये निघाली आणि १८९२पासून वायव्य लंडनच्या ब्राँड्सबरी भागात होती. म्हणजे अतिया सहल म्हणून गेल्या नव्हत्या, नवऱ्याबरोबर किंवा नवाबाच्या लवाजम्यातही नव्हत्या. त्या मास्तरीण व्हायला गेल्या होत्या. १९०६मध्ये मुस्लिम घरातल्या मुलीसाठी ही किती मोठी उडी होती हे वेगळं सांगायला नको.

आता त्या वेळचं लंडन डोळ्यांपुढं आणा. १९०१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ होती आणि १८९६पासून शहर प्लेगनं पोखरलेलं होतं. त्याच वर्षी लंडन काउंटीची लोकसंख्या होती सुमारे ४५ लाख. मार्च १९०६मध्ये तिथं बेकरलू ही विजेवर चालणारी भुयारी रेल्वे सुरू झाली. डिसेंबरात, अतिया तिथं असतानाच, पिकॅडिलीची दुसरी सुरू झाली. रस्त्यांवर घोड्यांच्या बसगाड्या होत्या आणि त्यांच्यातून वाट काढत मोटारबसही धावू लागल्या होत्या. मुंबईत तेव्हा ट्राम घोडेच ओढत. आपल्याकडं विजेची ट्राम आली ७ मे १९०७ला. त्या दिवशीही अतिया लंडनमध्येच होत्या.

अशा शहरात नवख्या माणसाची नजर आधी कशावर पडते? राजवाड्यांवर किंवा पार्लमेंटवर ती फार वेळ ठरत नाही. त्यांची चित्रं आधीच पाहिलेली असतात. नजर खिळते ती रोजच्या गोष्टींवर. अतियांच्या रोजनिशीत हेच दिसतं. कॉलेजचं वेळापत्रक, वर्ग, संग्रहालयं, बागा, दुकानं, नाटकं, कोण कुणाकडं चहाला आलं, कोणते कपडे घातले. नोंदी छोट्या आणि तारीखवार आहेत. वक्तशीरपणा, टापटीप, बायकांची कामसू वृत्ती यांचं कौतुक आहे. त्यांच्या पेहरावाकडं लोकांचं लक्ष जाई. इंग्रजी झगा त्यांनी स्वीकारला नाही आणि हिंदुस्थानी बुरखाही घेतला नाही. डोकं झाकणारा, साडीच्या वळणाचा स्वतःचा वेश त्यांनी ठरवला आणि तो वापरला.

कपड्यांचा हा प्रश्न आनंदीबाईंनाही सुटला नव्हता. त्या जून १८८३मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि पुढं फिलाडेल्फियाला वैद्यकी शिकल्या. तिथल्या थंडीत नऊवारीनं पाय उघडे पडत म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी धरली. एक ब्राह्मण, एक मुस्लिम. दोघींनाही परक्या शहरात पाऊल टाकताच देशाची, धर्माची, घराण्याची अब्रू अंगावर घेऊन चालावं लागलं. पुरुषांनी तिथं कोट-पाटलोण चढवली तरी गावाकडं फारसं बिघडत नसे. बाईच्या पदराकडं मात्र दोन्ही देशांचं लक्ष असे. आजही परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलीला पहिला प्रश्न हिजाबावरूनच विचारला जातो. तिथले लोक वेगळ्या सुरात विचारतात, इथले वेगळ्या.

तरीही दोघींच्या लिखाणातला एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. पंडिता रमाबाईंनी १८८९मध्ये अमेरिकेवर मराठीत जे पुस्तक काढलं, त्याचं नावच ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ असं आहे. तो एका देशाचा विचारपूर्वक मांडलेला अभ्यास आहे. आधी सर सय्यद अहमद खान १८६९मध्ये लंडनला गेले होते. त्यांनी तिथल्या लोकांची स्तुती आणि आपल्या लोकांवर टीका इतक्या सडेतोडपणे लिहिली की घरचे लोक खवळले. या दोघांनी समाजाला उद्देशून लिहिलं. अतियांनी बहिणींना लिहिलं. पत्र लिहिणाऱ्याला उपदेश करायचा नसतो, बहिणीला आपण कुठं आहोत ते दिसावं एवढंच त्याला हवं असतं.

ही सवय घरातली होती. तय्यबजी कुळात ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवत. घरातलं कुणीही, पाहुणाही, त्यात दिवसाची हकीकत लिही. अलिबागजवळच्या किहीमच्या घरातसुद्धा अशी वही असे. याच कुळानं जाणीवपूर्वक गुजराती सोडून उर्दू ही घरची भाषा केली होती. म्हणून अतियांची पत्रंही उर्दूत आहेत.

पुढं झेहरांनी ती पत्रं नीट लावली आणि लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वां’ या साप्ताहिकाकडं पाठवली. हे पत्र १८९८मध्ये सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी खास स्त्रियांसाठी काढलं. संपादन मुहम्मदी बेगम करत. तिथं अतियांची रोजनिशी क्रमशः छापली गेली आणि १९२१मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ या नावानं तिचं पुस्तक झालं. नावाचा अर्थ ‘शिकण्याचा काळ’.

कल्पना करा, ते साप्ताहिक कुणाच्या हाती पडत असेल. पंजाबात, अवधात, हैदराबादेत पडद्याआड राहणाऱ्या, अक्षरओळख झालेल्या बायकांच्या. त्यांतल्या अनेकींना स्वतःच्या गावचा बाजारही एकटीनं पाहता येत नव्हता. त्या वाचत होत्या की आपल्यासारखीच एक मुसलमान मुलगी रोज सकाळी उठून कॉलेजला जाते, संग्रहालय पाहते, परक्यांशी बोलते आणि तिचं डोकं झाकलेलंच असतं, ईमानही शाबूत असतं. स्त्रीशिक्षणावरच्या शंभर ठरावांनी जे झालं नसतं, ते या साध्या नोंदींनी त्या घरांत पोहोचवलं. पुरुष मंडळी तेव्हा मोठ्या राजकारणात होती. ऑक्टोबर १९०६मध्ये शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉयला भेटलं, डिसेंबरात ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ते वर्ष तेवढ्यावर संपतं. मला वाटतं, त्या वर्षाच्या हिशेबात ब्राँड्सबरीतली ही विद्यार्थिनीही धरायला हवी.

त्या सालचा रमजान ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला. लंडनमध्ये तेव्हा दिवस झपाट्यानं लहान होतात. महिन्याच्या सुरुवातीला सूर्य पाचच्या सुमारास मावळत होता, ईद येईपर्यंत चारच्या थोडं पुढं. वोकिंगची मशीद १८८९मध्ये बांधली गेली होती, पण ती लंडनबाहेर. कोकणच्या किंवा मुंबईच्या मोहल्ल्यात अजान, तोफ, शेजारच्या घरातून आलेली इफ्तारीची ताटली यांवर महिना चालतो. परक्या शहरात तो घड्याळावर आणि स्वतःच्या निश्चयावर चालवावा लागतो. हा अनुभव १९०६चा तसाच आजचाही.

वर्ष पुरं होतं न होतं तोच तब्येत बिघडली. १९०७च्या शरदात अतिया अभ्यासक्रम अर्धवट टाकून परतल्या. पदवी मिळाली नाही. लोक या काळातली एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे एप्रिल १९०७मध्ये त्यांची महंमद इक्बाल यांच्याशी झालेली भेट. इक्बाल तेव्हा केंब्रिजला शिकत होते. त्या मैत्रीवर अतियांनीच १९४७मध्ये ‘इक्बाल’ हे छोटं पुस्तक काढलं. पण त्यानंतर झालं असं की अतिया म्हणजे इक्बालांची आणि शिबलींची मैत्रीण, एवढीच त्यांची ओळख उरली. बाई स्वतः काय पाहून आली हे कुणी विचारत नाही, तिला कोण भेटलं तेवढं विचारतात.

इथं दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अतियांनी पाहिलेलं लंडन हे ओळखीपाळखीचं, चहाच्या निमंत्रणांचं लंडन होतं. त्याच शहराच्या पूर्वेला गोद्यांच्या कडेला दुसरं लंडन होतं. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटींवर डेकची कामं करणारे खलाशी बऱ्याच प्रमाणात आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान असत. त्यांच्यावर तांडेल, त्याच्यावर सारंग. जहाज गोदीत लागलं की हे लोक लाइमहाउसच्या आसपास दिवस काढत. तिथल्या वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७मध्ये आशियाई खलाशांसाठी एक आश्रयगृहच उघडलं होतं, कारण थंडीत रस्त्यावर पडलेल्या खलाशांची दुर्दशा लंडनकरांच्या डोळ्यांवर येऊ लागली होती.

या माणसांनीही लंडन पहिल्यांदा पाहिलं. त्यांनाही थंडी वाजली, त्यांच्याकडंही लोकांनी वळून पाहिलं, त्यांचाही रमजान तिथं आला. पण त्यांच्यासाठी ना शिष्यवृत्ती होती ना साप्ताहिक. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना इंग्रजांनी १८३९मध्ये पदच्युत केलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला लंडनला गेलेल्या वकिलांत रंगो बापूजींच्या बरोबरीनं मीर अफजल अली हेही होते. रंगो बापूजी तिथं १८५३पर्यंत झगडत राहिले आणि त्यांच्यावर प्रबोधनकार ठाकऱ्यांनी पुस्तक लिहिलं. छत्रपतींच्या गादीसाठी समुद्र ओलांडणाऱ्या मीर अफजल अलींचं नाव मात्र शाळेत कुणी सांगितलं नाही. ज्याची हकीकत लिहिली गेली तो उरला.

अतियांचा शेवटही यातलाच. १९१२मध्ये त्यांनी पुण्यात जन्मलेले चित्रकार सॅम्युएल रहामिन यांच्याशी लग्न केलं. रहामिन बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि बायकोचं आडनाव आपल्या नावात घेतलं. अतियांनी १९१४मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. फाळणीनंतर दोघं कराचीला गेली. रहामिन १९६४मध्ये वारले, अतिया १९६७मध्ये. भारतानं त्यांना पाकिस्तानच्या खात्यात टाकलं आणि पाकिस्ताननं इक्बालांच्या. मुरुडच्या किनाऱ्याशी जोडलेली, पुण्याची सून झालेली ही बाई आपली होती, हे आपण म्हटलंच नाही.

आपल्या समाजाला कुणी विचारलं की तुमच्या बायकांनी काय केलं, तर उत्तर द्यायला असे कागद लागतात. ‘जमाना-ए-तहसील’ मराठीत यायला हवं, हे काम उर्दू-मराठी दोन्ही जाणणाऱ्या कुणीतरी हाती घ्यावं. आणि श्रीवर्धन, दापोली, राजापूरकडच्या ज्या घरांत आजोबा-पणजोबांचं जहाजावरचं नोंदपुस्तक, एखादं पत्र, एखादा फोटो अजून ट्रंकेत पडून असेल, त्यांनी तो भंगारात जाऊ देऊ नये. घरातल्या म्हाताऱ्यांनी ऐकलेल्या गोष्टी एका वहीत उतरवाव्यात, तारखेसह, जमेल त्या भाषेत.