क्षणार्धातील प्रस्थानाचा पूर्वेतिहास

रशियाच्या झारच्या मोटारखान्यात चाकरी केलेल्या आदोल्फ केग्रेस या फ्रेंच यंत्रज्ञाने १९३९ च्या सुमारास विषम गिअरांसाठी एक व सम गिअरांसाठी दुसरा, असे दोन क्लच योजण्याची जी तजवीज मांडली, ती १९८० नंतरच्या दशकात पोर्शेच्या शर्यतींच्या गाड्यांत फलद्रूप झाली आणि २००३ साली फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मधून सामान्य ग्राहकाच्या हाती आली. उभी गाडी क्षणार्धात सुटावी म्हणून योजलेल्या लाँच कंट्रोलचा उगम मात्र शर्यतीच्या आरंभरेषेवरचा. फॉर्म्युला वनने त्यास २००१ मध्ये मुभा दिली आणि २००४ पासून मनाई केली.

अशा दोन क्लचांच्या गाडीत लाँच कंट्रोल चालू करून डाव्या पायाने ब्रेक दाबला आणि उजव्याने ॲक्सिलरेटर तळाशी नेला, की इंजिनाचे फेरे नेमस्त मर्यादेत स्थिरावतात. ब्रेक सुटताच संगणक पहिल्या गिअरचा क्लच बेताने घसरवीत चाकांना रस्ता धरू देतो, आणि दुसरा गिअर तोवर सज्ज असतो. त्या घर्षणाची उष्णता क्लचालाच सोसावी लागते; म्हणून बंदिस्त धावपट्टीवर, इंजिन पुरेसे तापल्यावर आणि दोन प्रयत्नांच्या दरम्यान विसावा देऊनच या सामर्थ्याचा उपयोग करणे, हे सुजाण चालकाचे कर्तव्य होय.