आठ वर्षांचे मौन आणि एक घंटा



प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की आमच्या गायकवृंदात दरवर्षी तोच वाद होतो: गुड फ्रायडेला कीबोर्ड वाजवायचा की नाही? आम्ही जुनी मंडळी नको म्हणतो. तरुण मुले म्हणतात, वाद्य नसले तर आपला सूर उतरतो. (खरे सांगायचे तर उतरतोच.) यंदा वाद ऐन रंगात असताना एका मुलीने मोबाईलवर एक रचना लावली. आधी नुसती घंटा, मग वरून खाली उतरत येणारी व्हायोलिने. जेमतेम सहा मिनिटे. संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. वाद मिटला नाही, पण ही रचना कोणाची, हे शोधायचे आम्ही ठरवले. त्या शोधात जे हाती आले ते आज लिहीत आहोत.

ती रचना आर्वो पॅर्ट यांची. युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राकाठी एस्टोनिया नावाचा छोटा देश आहे. तिथल्या पाइदे गावी 11 सप्टेंबर 1935 रोजी त्यांचा जन्म झाला. ते पाच वर्षांचे होण्याआधीच देश सोव्हिएत सत्तेखाली गेला. बालपण राकवेरे गावात गेले. घरी एक जुना पियानो होता, पण त्याच्या मधल्या पट्ट्या बिघडलेल्या. मुलगा वरच्या आणि खालच्या टोकाच्या स्वरांशी खेळत बसे. गावच्या चौकातल्या कर्ण्यावर वाद्यवृंदाचे संगीत लागले की तो सायकलवरून त्या खांबाभोवती चकरा मारत राही.

टालिनच्या संगीत महाविद्यालयात ते हाइनो एलर यांच्या हाताखाली शिकले. शिकत असतानाच रेडिओवर ध्वनिमुद्रक म्हणून नोकरीही केली. 1960 च्या ‘नेक्रोलोग’ या रचनेत त्यांनी पश्चिमेकडची बारा स्वरांची पद्धत वापरली आणि सरकारी संगीतकार संघाचे बोलणे खाल्ले. गंमत अशी की थोड्याच काळात, 1962 साली, मुलांसाठी लिहिलेल्या एका कंटाटाबद्दल त्यांना मॉस्कोत बक्षीसही मिळाले. एकाच माणसाला एका हाताने थप्पड आणि दुसऱ्या हाताने पेढा.

पण खरी ठिणगी पडली 1968 साली. त्या नोव्हेंबरात टालिनमध्ये नेमे यॅर्वी यांच्या संचालनाखाली ‘क्रेडो’ ही रचना सादर झाली. क्रेडो म्हणजे मी विश्वास धरतो. आपण दर रविवारी मिस्सामध्ये जो मतांगीकार उभे राहून म्हणतो, त्याच्या लॅटिन रूपाचा हा पहिला शब्द. पॅर्ट यांनी त्याला येशू ख्रिस्ताचे नाव जोडले आणि पुढे मत्तयलिखित शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाचा तो भाग घेतला, ज्यात सूडाचा जुना नियम बाजूला सारून प्रभू वाइटाचा प्रतिकार करू नका असे सांगतो. संगीतात सुरुवातीला बाखचे साधे, निर्मळ प्रेल्यूड आहे. सूडाच्या शब्दांपाशी सगळा वाद्यवृंद फुटतो, नुसता गोंगाट होतो. शेवटी बाख पुन्हा हळूच परत येतो.

निरीश्वरवादी राजवटीत, भर सभागृहात, ख्रिस्ताचे नाव घेऊन केलेला हा जाहीर विश्वास होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले होते, हेही ध्यानात घ्यावे. क्रेडोवर बंदी आली आणि कामे मिळेनाशी झाली.

आता इथे आमचाच एक गैरसमज दूर झाला. आम्ही समजत होतो की सत्तेने त्यांचे तोंड बंद केले म्हणून ते गप्प झाले. ते अर्धेच खरे आहे. पोटापाण्यासाठी ते चित्रपटांना संगीत देत होते, 1971 मध्ये तिसरी सिंफनीही लिहिली. पण साधारण आठ वर्षे ते मुख्यतः मौनात होते, आणि ते मौन त्यांचे स्वतःचेही होते. आजवर शिकलेले तंत्र त्यांना पोकळ वाटू लागले होते. कुठेतरी ग्रेगोरियन गायनाचा छोटासा तुकडा कानावर पडला: एकच सूर, सोबत काही नाही, आणि तरी त्यात सगळे आहे. मग त्यांनी पहिल्यापासून शिकायला घेतले. वहीमागून वही एकपदरी सुरावटींनी भरू लागली. स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र वाचायचे आणि लगेच, विचार न करता, एक सुरावट लिहायची. पक्ष्यांच्या उडण्याच्या रेषा पाहून सुरावट लिहायची. 1972 साली नोरा यांच्याशी विवाह झाला. याच काळात ते ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सामील झाले.

याच सुमाराची त्यांनी सांगितलेली एक आठवण आहे. घरासमोर रस्ता झाडणाऱ्या माणसाला त्यांनी विचारले, संगीतकाराने संगीत कसे लिहावे? तो माणूस आधी चक्रावला. मग म्हणाला की त्याने प्रत्येक स्वरावर प्रेम करायला हवे. असे उत्तर आपल्याला कोणत्याही शिक्षकाकडून मिळाले नव्हते, असे पॅर्ट सांगतात.

1976 मध्ये मौन सुटले ते पियानोच्या दोन पानी रचनेने, ‘फ्युर अलिना’. त्यातून जी पद्धत आली तिला त्यांनी लॅटिनमधून नाव दिले, टिंटिनाबुली, म्हणजे छोट्या घंटा. आपल्या भाषेत सांगायचे तर असे. एक आवाज सरगमीत पायरी पायरीने चढतो, उतरतो. दुसरा आवाज त्याची साथ करतो, पण त्याला फक्त सा, ग आणि प एवढ्याच जागा मोकळ्या. पहिला कितीही भटको, दुसरा घर सोडत नाही. तानपुऱ्याशेजारी वाढलेल्या आम्हा इंदूरकरांना हे लवकर उमगावे. (उस्ताद अमीर खाँसाहेबांची अतिविलंबित लय ऐकलेल्यांना पॅर्ट यांचे संगीत फार संथ वाटणार नाही.) पॅर्ट मात्र याचा अर्थ श्रद्धेतून लावतात: भटकणारा आवाज म्हणजे माझी पापे, घर न सोडणारा म्हणजे क्षमा. नोरा यांनी त्याचे गणित मांडले ते एक अधिक एक बरोबर एक असे.

1977 साल विलक्षण ठरले. त्या एका वर्षात ‘फ्रात्रेस’, ‘टाबुला रासा’ आणि आम्ही मोबाईलवर ऐकलेली रचना आली. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन डिसेंबर 1976 मध्ये वारले, त्यांच्या स्मरणार्थ ती आहे. सगळी तारवाद्ये एकच सप्तक खाली उतरतात, पण खालचे प्रत्येक वाद्य वरच्याच्या निम्म्या गतीने. शेवटी घंटेचा एक टोला इतका हळू पडतो की तारांच्या भरात तो ऐकूच येत नाही. तारा थांबल्यावर तो घुमत राहिलेला कळतो.

जानेवारी 1980 मध्ये या कुटुंबाला देश सोडावा लागला. पती, पत्नी, दोन लहान मुलगे आणि सात सुटकेसी, त्यात स्वरलिप्या, रेकॉर्डी आणि टेप. ब्रेस्तच्या सरहद्दीवरच्या स्टेशनात पोलिसांनी सामान उघडायला लावले. हे काय आहे, लावून दाखवा, म्हणाले. मोठ्या प्रतीक्षालयात दुसरे कोणी नव्हते. पॅर्ट यांच्याच रेकॉर्ड प्लेअरवर आधी ब्रिटनच्या स्मरणातली घंटा वाजली, मग ‘मिस्सा सिलाबिका’, म्हणजे चक्क मिस्सा. ऐकता ऐकता पोलीस मवाळ झाले, नीट वागू लागले. ती एक उपासनाच झाली, असे पॅर्ट यांनी पुढे सांगितले.

तिथून व्हिएन्ना, मग बर्लिन. 1982 मध्ये योहानलिखित शुभवर्तमानातील दुःखसहनावर त्यांनी ‘पास्सिओ’ पूर्ण केले. सत्तर मिनिटे कुठेही आक्रोश नाही, आवाज चढवून रडवणे नाही. शब्दाला जितकी अक्षरे तितकेच सूर. आमच्या गुड फ्रायडेच्या वादात हा पुरावा तरुणांनी आमच्यापुढे ठेवायला हवा होता, की आम्ही त्यांच्यापुढे, हे अजून ठरत नाही. कारण त्यात ऑर्गनही आहे.

1984 साली ‘टाबुला रासा’ची रेकॉर्ड जगभर पोचली. न्यूयॉर्कमध्ये एड्सने मरणपंथाला लागलेले तरुण अखेरच्या दिवसांत तिचा दुसरा भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगत, अशी नोंद आहे. त्या भागाचे नाव ‘सिलेंतियुम’, शांतता.

2010 साली पॅर्ट एस्टोनियाला परतले. 2025 मध्ये त्यांना नव्वद वर्षे झाली. टालिनजवळ लाउलास्मा येथे, पाइनच्या झाडीत, त्यांच्या नावाचे केंद्र आहे. 2018 साली त्याची इमारत खुली झाली. आवारात एक छोटेसे चॅपल आहे. त्या मौनाच्या वर्षांतल्या वह्या आता तिथे जपून ठेवल्या आहेत, पानामागून पान, एकपदरी सुरावटींच्या.